डस्की साउंडच्या फियॉर्डात बोटीवरचा मुक्काम: एक परीक्षण

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचे नैर्ऋत्य टोक फियॉर्डलँड या नावाने ओळखले जाते. तिथल्या डस्की साउंड या फियॉर्डात, म्हणजे उभ्या कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात, बोटीवरच मुक्काम करून चार-पाच रात्री फिरवणारी सफर आम्ही दापोली, हर्णै आणि गुहागरच्या काही मंडळींनी गेल्या जूनमध्ये केली. जून निवडण्यामागे आमचा हिशेब सरळ होता. त्या दिवसांत आपल्याकडे मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो; आणि तिकडे हिवाळा असल्यामुळे हवा त्यातल्या त्यात स्थिर राहते. या मार्गावर बोटी चालवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत आणि त्यांच्या सफरींची आखणीही बरीचशी सारखी असते. म्हणून कंपनीचे नाव घेण्याऐवजी सफरीचे स्वरूप, तिच्यातले उत्तम आणि उणे, हेच इथे सविस्तर मांडत आहे.

सफर महाग आहे. माणशी भाडे न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये चार आकडी होते. विमानप्रवास, व्हिसा आणि विमा यांचा खर्च वेगळा. एवढे पैसे मोजून मिळते काय, असे परतल्यापासून अनेकांनी विचारले. उंच कडे, धबधबे आणि बर्फाची शिखरे पाहायची असतील तर मिलफर्ड साउंडला थेट रस्ता जातो, तिथे दोन तासांची फेरी मिळते आणि ती कितीतरी स्वस्त पडते. डस्की साउंडच्या सफरीत त्याहून वेगळी गोष्ट मिळते. अडीचशे वर्षांपूर्वी ज्या खडकाला इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक यांचे जहाज बांधले गेले होते त्याच खडकावर, कुक यांची रोजनिशी वाचून दाखवणाऱ्या जाणकाराबरोबर, परतीची घाई नसताना उभे राहता येते. पैसे या गोष्टीचे आहेत, आणि माझ्या मते ते पूर्ण वसूल होतात. ज्यांना या गोष्टीत रस नाही त्यांनी मिलफर्डची फेरी करावी. तीही सुंदरच आहे.

डस्की साउंडला रस्ता नाही. शेजारच्या डाउटफुल साउंडला जायचे तर आधी मानापोरी सरोवर बोटीने ओलांडावे लागते आणि मग विल्मट खिंडीतून बसने डीप कोव्हपर्यंत उतरावे लागते. तो रस्ताही 1960च्या दशकात जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी बांधला गेला. डस्की त्याच्याही पुढे दक्षिणेला आहे. तिथे समुद्रामार्गे, हवाईमार्गे किंवा कित्येक दिवसांच्या खडतर पायवाटेने, एवढ्या तीनच तऱ्हांनी पोहोचता येते. आमच्या सफरीत जाताना बोट उघड्या समुद्रातून गेली आणि परतताना हेलिकॉप्टर होते. उघड्या समुद्राचा टप्पा सोपा नाही. हर्णैच्या बंदरातून बारा महिने ये-जा करणाऱ्यांनाही तिथली नैर्ऋत्येकडून येणारी लांब लाट अंगावर येते. उलटीची गोळी बोट सुटल्यावर नव्हे, तर आधीच्या रात्री घ्यावी, असे कप्तानाने सांगितले होते. ज्यांनी ऐकले त्यांना त्रास कमी झाला.

बोट पोलादी बांधणीची, मध्यम आकाराची होती. खोल्या लहान, पण कोरड्या आणि उबदार होत्या. अंथरुणे स्वच्छ होती, आंघोळीला गरम पाणी मोजूनमापून मिळे. कपडे वाळवायला स्वतंत्र गरम खोली होती. तिची किंमत पहिल्याच पावसात कळली.

आमच्याबरोबर हर्णैचे एक निवृत्त तांडेल होते. आम्ही सगळे त्यांना तांडेलकाकाच म्हणतो. फियॉर्ड म्हणजे काय हे मला पुस्तकातल्यापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावरून अधिक समजले. बोट कड्याच्या इतकी जवळ नेली होती की धबधब्याचे तुषार डेकवर येत होते, आणि खोली दाखवणाऱ्या पडद्यावरचा आकडा शेकड्यातला होता. काका बराच वेळ एकदा कड्याकडे आणि एकदा त्या आकड्याकडे पाहत राहिले. आपली दाभोळची किंवा जयगडची खाडी म्हणजे समुद्राच्या पाण्याखाली गेलेली नदीची दरी. मुखाशी वाळूचा दांडा, आत गाळ, आणि भरती पाहूनच बोट आत घ्यायची. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली दरी. बर्फाच्या प्रचंड वजनाने तळ खोल खरवडला गेला, बाजूचे डोंगर उभे तासले गेले, हिमयुग सरल्यावर समुद्र चढला आणि आत शिरला. मुखाशी मात्र तळ उथळ राहतो आणि पाण्याखाली एक उंबरठा तयार होतो. त्या उंबरठ्याच्या आत पाणी किती खोल असावे, तर डाउटफुल साउंडमध्ये ते 421 मीटरपर्यंत जाते.

एवढ्या पाण्यात नांगर टाकायचा कुठे, हा काकांचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर संध्याकाळी मिळाले. कप्तानाने बोट एका अरुंद कोनाड्यात नेली, पुढून नांगर सोडला, मग छोट्या होडीतून एक खलाशी मागचा दोर घेऊन किनाऱ्यावर गेला आणि तो त्याने बीच वृक्षाच्या बुंध्याला बांधला. रात्री वाऱ्याची दिशा बदलली तरी बोट जागची हलली नाही. कुकचे जहाजही असेच बांधले होते, हे दुसऱ्या दिवशी कळायचे होते.

पावसाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण या प्रदेशाचे बरेचसे गुपित त्यातच आहे. मिलफर्डला वर्षाला सुमारे 6.8 मीटर पाऊस पडतो, म्हणजे आंबोलीच्या तोडीचा. फरक असा की आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि तिथे तो वर्षभर विभागून येतो. कड्यांवर माती जवळजवळ नाहीच. नुसत्या खडकावर आधी शेवाळ, मग नेचे, मग झुडपे आणि शेवटी झाडे एकमेकांच्या मुळांना धरून उभी राहतात. पाऊस फार झाला की वरचे एक झाड सुटते आणि खालची सगळी झाडे घेऊन पाण्यात येते; कड्यावर उभा उघडा पट्टा राहतो. असे जुने-नवे पट्टे ओळखायला आमच्या वाटाड्याने शिकवले आणि मग प्रत्येक कड्याचे वय दिसू लागले. जंगलातून झिरपलेले हे पावसाचे पाणी पालापाचोळ्याच्या रसाने गडद तपकिरी होते, खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगते आणि उजेड अडवते. त्यामुळे एरवी खोल समुद्राच्या अंधारात राहणारे काळे प्रवाळ इथे पाणबुड्याला सहज गाठता येईल एवढ्या कमी खोलीवर वाढते. वाटाड्याने बादलीने वरचे पाणी काढून आम्हाला चाखायला दिले. ते गोडे होते. तीच बादली दोराला वजन लावून, झाकण बंद ठेवून खाली सोडली आणि तिथे उघडून वर आणली, तेव्हा पाणी खारट लागले. अशी साधी प्रात्यक्षिके हा या सफरीचा मोठा गुण आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. जेम्स कुक पहिल्या सफरीत, 1770च्या मार्चमध्ये, एंडेव्हर जहाजातून या किनाऱ्यावरून गेले. संध्याकाळ होत आली होती म्हणून त्यांनी या मुखाला डस्की नाव दिले. उत्तरेकडच्या दुसऱ्या मुखात शिरलो तर वारा बाहेर पडू देईल की नाही याची शंका आली, म्हणून ते डाउटफुल ठरले. दोन्ही वेळा ते आत गेले नाहीत. दुसऱ्या सफरीत रेझोल्यूशन हे जहाज घेऊन ते केप ऑफ गुड होपहून दक्षिणेकडे निघाले, 17 जानेवारी 1773 रोजी त्यांनी अंटार्क्टिक वृत्त ओलांडले (त्याआधी कोणी ते ओलांडल्याची नोंद नाही), आणि 26 मार्च 1773 रोजी ते डस्की साउंडमध्ये शिरले. तोवर 117 दिवस त्यांना जमीन दिसलेली नव्हती. हा आकडा वाटाड्याने रोजनिशीतून वाचला तेव्हा बोटीवर कोणी बोलेना. तांडेलकाकांनी फक्त गोड्या पाण्याची व्यवस्था काय होती एवढे विचारले.

दुसऱ्या दिवशी जहाज पिकर्सगिल हार्बर या लहानशा कोनाड्यात हलवले गेले. इथे किनाऱ्यावरचे एक मोठे झाड पाण्यावर आडवे वाढलेले होते आणि त्याचा शेंडा थेट जहाजाच्या काठाला टेकत होता, तेव्हा खलाशांनी त्याचाच जिना केला. जहाजाच्या डोलकाठ्यांचे आडवे वासे झाडांच्या फांद्यांत अडकत होते, इतका किनारा जवळ होता. गोड्या पाण्याचा ओढा शंभर यार्डांच्या आत होता. लोहाराची भट्टी, शिडे शिवणाऱ्यांचे तंबू, पिपे दुरुस्त करणाऱ्यांची जागा, सगळे किनाऱ्यावर मांडले गेले. रिमू नावाच्या झाडाची पाने उकळून, त्यात काकवी घालून खलाशांसाठी एक प्रकारची बिअर तयार करण्यात आली. भाजीपाल्याविना लांबच्या सफरीत हिरड्या सुजवून माणसे मारणारा स्कर्व्ही हा रोग टाळण्याचा तो प्रयत्न होता. आमच्या बोटीनेही तशीच बिअर, कुकच्या कृतीवरून, थोडी करून दिली. ती कडवट होती आणि मंडळींनी ती आदराने एकेक घोट घेतली.

पिकर्सगिल हार्बरच्या टोकाला ॲस्ट्रॉनॉमर्स पॉइंट आहे. जहाजावरचे खगोलशास्त्रज्ञ विल्यम वेल्स यांनी निरीक्षणासाठी आकाश मोकळे हवे म्हणून सुमारे एक एकर जंगल तोडून घेतले आणि तिथे आपली वेधशाळा मांडली. त्या तोडलेल्या झाडांचे काही बुंधे आजही तिथे आहेत. आम्ही ते पाहिले. गुडघ्याच्या उंचीचे, शेवाळाने पूर्ण मढलेले, वरून सपाट. नुसते पाहून ते ओळखू येणार नाहीत. आजूबाजूला वाऱ्याने मोडलेले बुंधे वेडेवाकडे आहेत आणि हे कुऱ्हाडीने कापलेले सरळ आहेत, असे वाटाड्याने दाखवल्यावरच डोळा त्यांच्यावर स्थिर होतो. तोडलेल्या जागेवर पुन्हा जंगल उभे राहिले आहे, पण त्यातली झाडे भोवतालच्या जंगलापेक्षा लहान आहेत, हेही सांगितल्यावर दिसते. काकांचा हात नकळत एका बुंध्याकडे गेला, तेव्हा वाटाड्याने नम्रपणे पण ठामपणे त्यांना थांबवले. शेवाळ दाबले की आतले भुसभुशीत लाकूड ढासळते. पायवाटेबाहेर पाऊल टाकायलाही मनाई होती, आणि ते योग्यच आहे.

या जागेचे महत्त्व समजावण्यासाठी वाटाड्याने हातातले घड्याळ काढले. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. घरच्या बंदराची अचूक वेळ जहाजावर ठेवता आली, तर स्थानिक मध्यान्हाशी तिची तुलना करून आपण किती अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला आलो ते काढता येते. पण घड्याळ चार मिनिटे चुकले तर या अक्षांशावर जहाजाची जागा सुमारे 78 किलोमीटरने चुकते, आणि खडकाळ किनाऱ्यावर तेवढी चूक जहाज बुडवायला पुष्कळ झाली. जॉन हॅरिसन यांच्या सागरी घड्याळाची लार्कम केंडल यांनी केलेली प्रतिकृती रेझोल्यूशनवर होती, आणि लाटा, थंडी, दमटपणा यांत ती खरी चालते का हे तपासणे हा त्या सफरीचा एक हेतू होता. वेल्स यांनी इथे तारे, चंद्र आणि गुरूचे उपग्रह यांचे वेध घेऊन जागा निश्चित केली, तेव्हा जगाच्या या निर्जन टोकाचे स्थान त्या काळच्या सर्वांत अचूक स्थानांपैकी एक ठरले. हे सगळे त्या टोकावर उभे राहून, पुढ्यात तेच पाणी पाहत ऐकले की नकाशा नावाच्या वस्तूविषयी मनात आदर उत्पन्न होतो. संध्याकाळी टेबलावर कुकच्या नकाशाची प्रत पसरली होती. त्यावरची खोली फॅदममध्ये लिहिलेली आहे, आणि फॅदम म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे माप, म्हणजेच आपली वाव. काकांनी नकाशावरचे आकडे बोटाने दाखवत वाचले आणि कप्तानाच्या पडद्यावरच्या आकड्यांशी पडताळून पाहिले. बहुतेक ठिकाणी ते जुळले. तो अर्धा तास मला संपूर्ण सफरीतला सर्वांत मोलाचा वाटला.

इथे आपल्या किनाऱ्याची आठवण अपरिहार्य होती. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआव दि कास्त्रो यांनी 1538-39 साली गोव्यापासून दीवपर्यंतचा किनारा असाच काळजीपूर्वक नोंदवला. दाभोळ, चौल अशा बंदरांची चित्रे काढली. वसईजवळ खडकांमुळे होकायंत्राची सुई भरकटते हेही टिपून ठेवले. ते कुकच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीचे. दाभोळच्या खाडीत लाँच थांबवून ते चित्र हातात घेऊन समोरचा डोंगर दाखवणारी एकही सफर आज माझ्या पाहण्यात नाही, आणि हे काम आपल्या मुलामुलींना सहज जमेल असे आहे. तांडेलकाका म्हणाले, “चित्र आणून दे, दांडा कुठे सरकला ते मी सांगतो.” ते अगदी गंभीरपणे बोलत होते.

वाटाड्याविषयी मुद्दाम सांगितले पाहिजे. ती तरुण होती, वनस्पतिशास्त्र शिकलेली होती आणि तिने कुकची रोजनिशी, वेल्स यांच्या नोंदी, जॉर्ज फोर्स्टर यांचे प्रवासवर्णन ही सगळी साधने नुसती चाळली नव्हती, तर एकमेकांशी ताडून पाहिली होती. योहान फोर्स्टर आणि त्यांचा मुलगा जॉर्ज हे निसर्गअभ्यासक त्या जहाजावर होते, आणि चित्रकार विल्यम हॉजेस होते. कॅस्केड कोव्हच्या धबधब्यापाशी बोट थांबवून तिने हॉजेस यांच्या चित्राची प्रत दाखवली. चित्रात इंद्रधनुष्य आहे. आमच्या वेळी ढग होते, पण कडा आणि पाण्याची धार तीच होती.

याच वाटाड्याने इंडियन आयलंड या बेटाजवळ कुक आणि तिथल्या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी एका, कुटुंबाची भेट सांगितली. खडकावर एक पुरुष हातात शस्त्र घेऊन उभा होता, मागे दोन स्त्रिया भाले घेऊन उभ्या होत्या. कुक एकटे पुढे गेले आणि शेवटी दोघांनी नाकाला नाक लावून एकमेकांचे स्वागत केले. प्रसंग तिने फार चांगला उभा केला. पण माझी पहिली खरी तक्रार इथेच आहे. माओरी लोक या फियॉर्डाला तामातेआ म्हणतात, आणि त्यांच्या कथेनुसार तू-ते-राकी-फानोआ या देवपुरुषाने परशूसारख्या हत्याराने हे फियॉर्ड दक्षिणेकडून उत्तरेकडे कोरत नेले. हात बसत गेला तसे काम सफाईदार झाले आणि शेवटी मिलफर्ड झाले. एवढी सुंदर आणि भूगोलाशी जुळणारी कथा आम्हाला जेवणाच्या टेबलावर, ताटे उचलली जात असताना, पाच मिनिटांत ऐकवली गेली. ती तर त्या कड्यांसमोर ऐकायला हवी होती, आणि शक्य असेल तर माओरी माणसाच्या तोंडून. शोधसफरींचा इतिहास हे ज्या सफरीचे वैशिष्ट्य आहे, तिने सर्वांत आधी आलेल्या शोधकांना सर्वांत कमी वेळ द्यावा, हे खटकले.

कुकनंतरचा इतिहास बोटीने पुढच्या दिवसांत ठिकाणाठिकाणी दाखवला. कुकच्या जहाजावर पोरसवदा खलाशी असलेले जॉर्ज व्हँकुव्हर 1791 साली स्वतः कप्तान होऊन इथे परतले. ब्रेकसी साउंडच्या ज्या टोकापर्यंत कुक पोहोचले नव्हते आणि ज्यापुढे त्यांनी नकाशात ‘काय आहे कोणास ठाऊक’ अशा अर्थाचे शब्द लिहिले होते, त्या जागी व्हँकुव्हर यांनी मोजणी पूर्ण करून ‘कोणास तरी ठाऊक आहे’ असे लिहिले. 1792 साली लंचन कोव्हमध्ये सीलची शिकार करणारी टोळी उतरवली गेली. त्यांनी घर बांधले, जहाज बांधायला घेतले, हजारो कातडी जमवली. आज त्याच कोनाड्यात सील खडकांवर निवांत पडलेले असतात.

फॅसाइल हार्बरने आम्हा सगळ्यांनाच गोंधळात टाकले. तिथे पाण्याखाली एंडेव्हर नावाच्या जहाजाचे अवशेष आहेत. हे कुकचे जहाज नव्हे, त्याच नावाचे दुसरे. ते 1795 साली मुंबईहून गुरेढोरे घेऊन सिडनीला गेले होते, तिथून हिंदुस्थानाकडे परत निघाले, वाटेत फार गळू लागले आणि इथे आणून सोडून द्यावे लागले. न्यूझीलंडमधली ही नोंदवलेली पहिली जहाजफूट. त्यावर दोनशेहून अधिक माणसे होती. सील-शिकाऱ्यांनी अर्धवट सोडलेले जहाज काहींनी पुरे केले आणि त्यातून ते सुटले, मागे राहिलेल्यांची सुटका 1797 साली झाली. मुंबई बंदरातून सुटलेले जहाज इतक्या दूर येऊन निजले आहे, हे कळल्यावर मंडळी कठड्यापाशी जमली. त्या जहाजावर आपल्या किनाऱ्यावरचे खलाशी असतील का, असे आमच्यातल्या एकीने विचारले. ‘नोंदींतून मी तसे सांगू शकत नाही,’ असे वाटाड्याने स्पष्ट सांगितले. तिच्या या सचोटीमुळे बाकीच्या माहितीवरचा विश्वास वाढला.

रिचर्ड हेन्री यांची गोष्ट मात्र सगळ्यांच्या मनाला लागली. फेरेट, स्टोट यांसारख्या बाहेरून आणलेल्या प्राण्यांपासून काकापो या न उडणाऱ्या पोपटाला आणि किवीला वाचवण्यासाठी रेझोल्यूशन बेट राखीव करण्यात आले, आणि 1894 साली हेन्री तिथले रखवालदार झाले. त्यांनी होडीने, एकट्यादुकट्याने, शेकडो पक्षी मुख्य भूमीवरून उचलून बेटांवर नेले. 1900 साली स्टोट पोहत बेटावर पोहोचल्याचे दिसले आणि वर्षांची मेहनत वाया गेली. पिजन बेटावर त्यांच्या वस्तीची जागा दाखवली गेली. आज शेजारचे अँकर बेट अशा शिकारी प्राण्यांपासून मुक्त आहे आणि तिथे काकापो आहेत. पर्यटकांना त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीत.

याच कारणामुळे बेटावर उतरण्यापूर्वीची तपासणी कडक असते. प्रत्येकाचे बूट, मोजे, पिशव्यांच्या शिवणी पाहिल्या गेल्या. माझ्या जॅकेटच्या चिकटपट्टीत आपल्या सड्यावरच्या गवताची दोन-तीन कुसळे अडकलेली निघाली. एका खलाशाने ती चिमट्याने एकेक काढून डबीत बंद केली, मग पट्टी भिंगातून पुन्हा पाहिली. विमानतळावरही असेच आहे. खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जात जाहीर करावी. जाहीर न केलेले काही सापडले तर जागेवरच 400 डॉलर दंड होतो. मध आणि ताजी फळे तर नेऊच नयेत.

जेवणाबद्दल. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. बोटीवरून पिंजरे सोडून काढलेली शेवंडे आणि गळाला लागलेला ब्लू कॉड हा मासा त्याच संध्याकाळी ताटात येत असे. मासा वर आला की आधी पट्टीवर ठेवून मोजला जाई, लहान असला तर तत्काळ परत पाण्यात, आणि ठरलेली संख्या झाली की गळ बंद. काकांनी हा शिरस्ता फार बारकाईने पाहिला आणि मनापासून वाखाणला. मसाला मात्र नावालाही नाही. मीठ, लिंबू, लोणी एवढ्यावर सगळे. शाकाहारी मंडळींची मात्र आबाळ झाली. आगाऊ कळवूनही रोज उकडलेल्या भाज्या, पास्ता आणि सूप यांचीच आलटून पालटून फेरी होती. एवढे भाडे घेणाऱ्या बोटीकडून एखादी डाळ आणि भात यांची अपेक्षा अवास्तव नव्हे.

चिलटे हा तिथला जुना त्रास आहे. कुक यांनीही आपल्या रोजनिशीत त्यांच्याविषयी वैतागून लिहिले आहे. हिवाळ्यात ती कमी असतात, पण असतात. पूर्ण बाह्या, पायमोजे आणि औषधी मलम एवढे जवळ ठेवले म्हणजे भागते.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. जूनमध्ये तिथे दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, त्यामुळे उजेडाचा प्रत्येक तास मोलाचा. अशा दिवसांत ॲस्ट्रॉनॉमर्स पॉइंटवर एक तासाहून थोडा अधिक वेळ आणि कायाक वल्हवण्यासाठी सबंध दुपार, ही वाटणी मला पटली नाही. कायाकची हौस इतर ठिकाणीही भागते. तिसरी तक्रार रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या जनित्राची. या फियॉर्डातली शांतता हा जाहिरातीतला मोठा मुद्दा होता, आणि जनित्र बंद झाल्यानंतरच ती खरोखर मिळाली. हेलिकॉप्टर ढगांमुळे अर्धा दिवस उशिरा आले, त्याचा दोष मी कोणाला देत नाही. मात्र पुढच्या विमानाचे तिकीट त्याच दिवशीचे काढू नये, ही सूचना कंपनीने आरक्षणाच्या वेळीच ठळकपणे द्यायला हवी होती.

गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करूनच जावे. मोठ्या बोटीतून छोट्या होडीत आणि होडीतून निसरड्या खडकावर उतरणे दिवसातून अनेकदा होते. खलाशी हात धरतात आणि घाई करत नाहीत, पण पाय आपलाच टाकावा लागतो. आमच्यातल्या सत्तरीच्या आसपासच्या दोघांनी सगळे उतार केले, एकाने बोटीवरच थांबणे पसंत केले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारावे: पिकर्सगिल हार्बरला उतरवणार का आणि किती वेळ, बोटीवर इतिहास सांगणारी व्यक्ती कोण, ती त्याच तारखांना असेल का, कुकच्या आणि नंतरच्या नकाशांच्या प्रती बोटीवर आहेत का, माओरी वाटाड्या असलेली एखादी सफर आहे का, आणि शाकाहारी जेवणाचा पाच दिवसांचा तपशील. हवामानामुळे काही ठिकाणे वगळावी लागली तर त्यांच्याऐवजी काय, हेही विचारावे. यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांना स्पष्ट उत्तर मिळाले नाही तर दुसरी कंपनी पाहावी. उन्हाळ्यातल्या जागा लवकर भरतात. हिवाळ्यातल्या तुलनेने मिळतात, आणि आपल्या बंदीच्या महिन्यांशी त्याच जुळतात.